वरची बातमी

भागोजीतात्या पोफळीवरून खाली उतरले की आधी पायांतलं काथ्याच्या दोरीचं कडं काढायचे, कमरेचा कोयता पायरीवर ठेवायचे, तांब्यातलं पाणी तोंडाला न लावता वरून घशात सोडायचे आणि मग म्हणायचे, "वैनी, वरची बातमी ऐका."

बातमी दोघांचीच असायची. एक समुद्रगरुड आणि दुसरं शेकरू. आमच्या आगराच्या, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेच्या, मागच्या कुंपणाला एक जुना रायवळ आंबा आहे. त्याच्या शेंड्यात गरुडाच्या जोडीचं घरटं होतं आणि त्याच आंब्याच्या मधल्या फांद्यांत शेकरूचं. एका झाडावर दोन बिऱ्हाडं. वरच्या मजल्यावरचं मांसाहारी, खालचं शाकाहारी. तात्या सुपारी काढायला चढले की या दोघांच्या बरोबरीला जायचे. आम्ही खालून मान मोडून जे बघायचो ते तात्यांना समोरासमोर दिसायचं. त्यामुळे त्यांच्या बातमीला प्रत्यक्ष पाहणाऱ्याचं वजन होतं.

"आज गरुडानं साप आणलान. दर्यातला, चपट्या शेपटीचा. अर्धा खाल्लान आणि अर्धा शेकरूच्या दारात टाकलान."

"मग शेकरूनं काय केलं?"

"काय करील? जागा बदललान. त्याला काय, घरांचा दुष्काळ नाय."

माझं माहेर रत्नागिरी शहरातलं. तिथे आमच्याकडे झाड म्हणजे कुंडीतलं. लग्न होऊन गुहागरजवळच्या या गावात आले तेव्हा आगराचं सगळं सासरे बघत. नवरा मुंबईला नोकरीत. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो, दोन शहाळी पितो आणि "आगर छान ठेवलंयस" असं म्हणून परत जातो. बारा वर्षांपूर्वी सासरे गेले आणि काम माझ्या अंगावर आलं. पाटाचं पाणी कुठल्या ओळीला कधी सोडायचं, पावसाआधी औषध कधी मारायचं, हे मी वर्षभरात शिकले. तात्या मात्र शिकावे लागले नाहीत. ते विहिरीसारखे आगराबरोबरच आले.

सडसडीत अंग, पिंढऱ्या ओल्या दोरासारख्या पिळलेल्या, डोक्याला कायम एक टॉवेल. वय विचारलं तर म्हणायचे, "मास्तरांनी लिवलान ते. मी काय तेव्हा बघायला होतो?" मला वाटतं, मी काम हातात घेतलं तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले असावेत. बायको लवकर गेली होती, एक मुलगी चिपळूणला दिलेली. वाडीच्या टोकाला दोन खोल्यांचं चिऱ्याचं घर, त्यात ते एकटे राहत आणि स्वतःच्या हातची भाकरी खात.

पोफळीवर चढणारे अजूनही मिळतात. एका पोफळीवरून खाली न उतरता दुसरीवर जाणारे मिळत नाहीत. तात्या शेंड्याजवळ पोचले की घड कापून दोरीने खाली सोडायचे आणि मग अंगाच्या झोक्याने पोफळ हलवायला लागायचे. पोफळ बारीक आणि लवचीक. दोन-तीन झोक्यांत ती इतकी वाकते की शेजारची हाताशी येते. आधी डावा हात तिला धरायचा, मग उजवा, मग कड्यासकट दोन्ही पाय; आणि सोडून दिलेली पोफळ सपकन मागे जाऊन सरळ उभी राहायची. विहिरीजवळ एकदा चढलेला माणूस ओळीच्या टोकाला, कुंपणापाशी उतरायचा. मधे जमिनीचा संबंध नाही.

पहिल्याच हंगामात माझं शेकरूशी वाकडं आलं. कोवळे नारळ पोखरून ते आतलं खायचं आणि रिकामी करवंटी झाडालाच ठेवायचं. मी तात्यांना म्हटलं, "याचा काहीतरी बंदोबस्त करा."

"त्याला हात लावलात तर फॉरेस्टवाले तुमचा बंदोबस्त करतील."

"मग नुसतं बघत बसायचं?"

"बगा की. फुकट हाय."

तेव्हा तात्या पक्के गरुडाचे होते. शेकरूला ते चोर म्हणायचे, चाकरमानी म्हणायचे. "घरं चार, पण एकात धड राहत नाय. आज हितं झोपलान, उद्या तितं. गरुडाचं बगा. एकच घर, दर साल डागडुजी, वर हिरवा पाला घालून सजवतो. म्हंजे घर कसं असावं?" मी विचारायचे, गरुडाला पाल्याचं काय कौतुक? ते म्हणायचे, "गणपतीच्या मखराला तुमी कशाला लावता?"

मला आधी या गोष्टींत काही रस नव्हता. पण रोज एकाच दोघांची बातमी ऐकली की माणूस नकळत विचारायला लागतो, पुढे काय झालं. मी नवऱ्याकडून मुंबईहून एक दुर्बीण मागवली. त्याला वाटलं, कुंपणावरून नारळ चोरतात म्हणून. दुर्बिणीतून मी तात्यांच्या बातम्या तपासायला लागले. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. बहुतेक वेळा तात्या बरोबर निघायचे आणि मला त्याचा थोडा रागही यायचा.

एकदा ते म्हणाले, "गरुडाला डोळा फिरवता येत नाय. त्याला बघायचं झालं तर अख्खी मान वळवायला लागते." मी तीन सकाळी बघत बसले. खरंच, गरुड डोळ्यांच्या कोपऱ्यातून काही बघतच नाही. जे बघायचं त्याच्याकडे तोंड करतो आणि एकदा केलं की आजूबाजूचं जग त्याच्यासाठी संपतं. शेकरूचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. ते फळ खाताना मागून कावळा आला तरी मान न हलवता दचकतं. मी हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "गरुडाला एकच दिसतं, पण पुरं दिसतं. शेकरूला सगळं दिसतं, पण अर्धं अर्धं. म्हणून तो साहेब आणि हा चोर."

"चोरालाच सगळीकडे बघावं लागतं, तात्या."

"तेच म्हणतोय."

पायांवरून आमचा वाद दोन वर्षं चालला. तात्यांचं म्हणणं, गरुडाचा पंजा मिटायला कष्ट नाहीत, उघडायला आहेत. म्हणून त्याच्या तावडीतला मासा सुटत नाही. माझं म्हणणं, शेकरूची करामत मोठी. ते मागच्या दोन पायांनी फांदीला उलटं लटकतं आणि पुढचे दोन हात मोकळे ठेवून निवांत जेवतं. घोटा पार मागे फिरतो त्याचा. "तुम्ही स्वतः वर काय करता?" मी विचारलं. "पायांनी धरता आणि हातांनी कापता. म्हणजे तुम्ही कोण?" तात्या बराच वेळ हसले. "मना चोरात बसवलंत काय वो वैनी!" पण बाजू बदलली नाही.

बाजू त्यांनी बदलली ती नंतर, आणि कुणी काही न म्हणता.

एका हंगामात माझ्या लक्षात आलं की बातमीचा तोल बिघडलाय. शेकरूविषयी तात्या भरभरून बोलत: पिल्लाला तोंडात धरून दुसऱ्या घरी नेलान, दुपारी फांदीवर पोट टेकून चादर वाळत घातल्यासारखं झोपतं, राग आला की खुळखुळा वाजवल्यासारखं ओरडतं. गरुडाचं विचारलं की एकच उत्तर, "बसलाय घरट्यावर." कालही बसलेला, आजही बसलेला. आणि निकालही उलटा लागायला लागला. "गरुडाचं काय मोठं? नजर हाय म्हणून हाय. शेकरूचं डोकं बगा. ते फांदीला ओळखतं. कुठली वाकंल, कुठली मोडंल, त्याला पायाला कळतं. डोळे मिटून फिरंल ते."

"मागच्या वर्षापर्यंत चोर होतं ते."

"माणसानं शिकू नये काय?"

मला कुतूहल वाटलं. इतकी वर्षं धरलेली बाजू माणूस का सोडतो? मी दोन-तीनदा विचारून पाहिलं, त्यांनी उडवून लावलं. मग एकदा सकाळी ते म्हणाले, "गरुड बसलाय घरट्यावर," आणि त्याच सकाळी मी दुर्बिणीतून पाहिलं होतं. पिल्लू उडून गेलं होतं, घरटं चार दिवस रिकामं होतं. मी म्हटलं, "तात्या, गरुडानं कधीच बिऱ्हाड हलवलं. शिळी बातमी देताय." तात्या एरवी थट्टेला थट्टेने उत्तर देणारे. त्या दिवशी चिडले. "मग तुमीच चढा आणि तुमीच बगा." कोयता उचलून निघून गेले. मला वाटलं, वय झालंय, कंटाळा करायला लागले. शेकरूच्या बातम्या अजूनही अचूक का असतात, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. शेकरूचा पाला सळसळतो, ते ओरडतं, हाताच्या अंतरावरून पळतं. गरुड ओरडला नाही तर तो फक्त दिसतो. पण माझ्या ते ध्यानात आलं नाही.

उलट मी त्यांचं प्रदर्शन मांडत होते. आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना आगरात नेऊन सांगायचे, "बघा, पुढच्या पोफळीकडे न बघता जातात." आणि खरंच, तात्या बघत नसत. झोका घेताना त्यांची मान आपल्या हातांकडे असे, आणि तिसऱ्या झोक्याला डावा हात आपोआप पुढे जाऊन नेमका शेजारच्या खोडावर पडे. पाहुणे टाळ्या वाजवत. मला अभिमान वाटे. जमिनीवर चालतानाही ते प्रत्येक पोफळीला हात लावत जायचे. त्याला मी झाडांवरची माया समजत होते.

मग ती थंडी आली. लेकीच्या घरी काही कार्य होतं म्हणून तात्या आठ दिवस चिपळूणला गेले. तिसऱ्या ओळीतल्या एका पोफळीचा शेंडा सुकला होता. विहिरीकडून मोजली तर ती एकोणिसावी. रोग शेजारच्यांना लागायला नको म्हणून मी गडी बोलावून ती पाडली, खोड उभं चिरून त्याचं पाण्यासाठी पन्हळ करून घेतलं. तात्या आले, दुसऱ्या दिवशी कामाला लागले. त्यांना सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. त्यात सांगायचं काय? ओळीतली फट माझ्या स्वयंपाकघरातून दिसत होती.

तिसरी ओळ लागली त्या सकाळी मी खाली घड गोळा करत होते. सतरावी झाली, अठरावी झाली. अठरावीचे घड खाली आले आणि पोफळ झोके घ्यायला लागली. मला वाटलं, उतरण्याआधी अंग मोकळं करताहेत. पहिला झोका, दुसरा, आणि तिसऱ्याला तात्यांचा डावा हात सुटून पुढे आला. बोटं उघडी. जिथे एकोणिसावी होती तिथे ती मिटली. रिकामीच. पोफळ मागे गेली, पुन्हा पुढे आली. हात पुन्हा पुढे, पुन्हा मिटला. ऊन त्यांच्या पाठीला होतं. धुकं नव्हतं. सबब द्यायला काहीच नव्हतं.

वरून शांत आवाज आला, "वैनी, एकोणिसावी कुटं गेली?"

मी म्हटलं, "पाडली, तात्या. शेंडा सुकला होता."

"सांगायचं तरी."

"खाली उतरा."

"उतरतो. इसावीला हात पुरंल काय ते बगत होतो."

"विसावी बारा हात लांब आहे. उतरा आधी."

ते उतरले, नेहमीच्याच सफाईने. कडं काढलं, कोयता ठेवला, पाणी प्याले. बातमी सांगितली नाही. मी पाच-सहा पावलं मागे सरले, हातातल्या घडाच्या काही सुपाऱ्या तोडून मुठीत घेतल्या आणि हात उघडून समोर धरला.

"माझ्या हातात काय आहे?"

"सुपारी."

"कशावरून?"

"तुमच्या हातात ह्या दिवसांत सुपारीशिवाय काय असणार?"

"किती आहेत?"

तात्या पायरीवर बसले. टॉवेलने मान पुसली, मग तोंड पुसलं, मग उगाच कोयत्याची मूठ पुसली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन हंगाम झाले. आधी कडेचं गेलं. मग लांबचं."

"आणि तुम्ही वर चढताय!"

"चढायला डोळे कशाला वो? पोफळ काय लांब असते? ती मिठीतच असते. पुढची कुटं ते मना ठाव हाय. इतक्या वर्षांत एक पोफळ चुकली नाय माझी."

"आज चुकली."

"आज ती चुकली," तात्या म्हणाले. "मी नाय."

ते खरं होतं. हात जिथे पडायचा तिथेच पडला होता. पोफळ मी हलवली होती.

मग तात्यांनी आपली मागणी सांगितली. आवाज खाली आणून, पण भीक मागितल्यासारखी नव्हे. व्यवहार सांगावा तशी. "वाडीत बोलू नका. लेकीला कळवू नका. ती मना इथं एक दिस ठेवायची नाय. आणि दुसरा कोण आगरात घेणार नाय. तुमी एवढंच करा. आगरात काय हललं, काय पडलं, काय वाकलं, ते मना आदल्या दिवशी सांगत जा. बाकी माझं मी बगतो."

मागणी साधी होती, म्हणूनच कठीण होती. मी रोज संध्याकाळी आगरात एक फेरी मारली असती तर तात्या अजून चार हंगाम चढले असते, कदाचित सहा. पण रात्रीत वारा सुटला आणि पहाटे एक पोफळ कलली तर? मी एके दिवशी तापाने पडले तर? त्यांचं सगळं आगर त्यांच्या डोक्यात होतं, आणि डोक्यातलं आगर वाऱ्यात हलत नाही.

मी म्हटलं, "उद्या चिपळूणला जायचं. डॉक्टरांना दाखवू, मग बोलू. लेकीला आत्ता सांगत नाही."

डॉक्टरांनी पाऊणएक तास तपासलं. काचबिंदू. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्यात मधलं थोडं, तेही धूसर, उरलेलं, कुलपाच्या भोकातून बघावं तसं. गेलेली नजर परत येणार नाही, थेंब नियमित घातले तर आहे ती टिकवता येईल. शेवटी त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"बागकाम," तात्या म्हणाले.

"पोफळीवर चढतात," मी म्हटलं.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. तात्यांकडे नाही, माझ्याकडे.

परतीच्या एसटीत तात्या खिडकीशी बसले. थेंबांची बाटली मुठीत घट्ट. बस घाट उतरून खाडीच्या बाजूला लागली तेव्हा ते बोलले. "म्हातारा गरुड डोळ्यानं गेला की उपाशी मरतो. शेकरू मरत नाय. त्याला फांदी न फांदी ठाव असते. म्हणून सांगत होतो तुमाला, शेकरू मोठं."

तेव्हा मला कळलं, बाजू का बदलली होती. दोन वर्षं हा माणूस त्या दोन जनावरांत स्वतःसाठी जागा शोधत होता.

"तुमचं म्हणणं, मी थांबावं," ते म्हणाले. "म्हंजे तुमी आता गरुडवाल्या."

"मी गरुडवाली नाही आणि शेकरूवाली नाही. मी आगरवाली आहे. माझ्या आगरात माणूस पडायला नको."

"शेकरू पडत नाय."

"शेकरू उडी मारतं, तात्या. या आंब्यावरून त्या नारळावर जाताना चारही पाय हवेत असतात. तेव्हा फांदी ओळखून काय करणार? तेव्हा तिथे फांदीच नसते."

मी वादात जिंकायला म्हणून बोलले नव्हते. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तात्यांनी मान हलवली. विचार करायला लागले की ते ओठ आत ओढून घेत, तसे घेतले. एक थांबा येऊन गेला, दोन बायका मासळीच्या टोपल्या घेऊन चढल्या, कंडक्टरने त्यांच्याशी हुज्जत घातली.

"उडी मारतं," तात्या शेवटी म्हणाले. "पण त्याच्याआधी थांबतं. मान दोनदा वरखाली करतं. बघितलंत कधी?"

"बघितलंय. का करतं ते?"

"मापतं. किती लांब हाय ते मापतं."

"आणि मापायला?"

तात्यांनी बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"डोळे लागतात," ते म्हणाले.

खोटं बोलून त्यांचं काम भागलं असतं. शेकरूविषयी ते म्हणतील ते मी मानलंच असतं. पण जे जनावर त्यांनी इतकी वर्षं समोरासमोर पाहिलं होतं, त्याच्याबद्दल त्यांना खोटं बोलवलं नाही.

चार दिवस ते आले नाहीत. वाडीत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, गुडघे गेले, आता चढणं बंद. मी त्यात दुरुस्ती केली नाही. पाचव्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला दारात उभे. कमरेला कोयता नव्हता, पायात चपला होत्या. तात्यांना चपला घातलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"वही घ्या," ते म्हणाले. "आणि चला."

आम्ही विहिरीपासून सुरुवात केली. तात्या पुढे, मी मागे. प्रत्येक पोफळीशी थांबायचे, तळहात टेकायचे आणि सांगायचे, मी लिहून घ्यायचे. पहिली ओळ, चौथी: वर लाल मुंग्यांचं घर, आधी धूर करा. पहिली ओळ, नववी: झोका देऊ नका, निम्म्यावर भेग हाय, खालून दिसत नाय. दुसरी ओळ, दुसरी: सुपारी उशिरा पिकते, घाई करू नका. एखादी पडलेली, एखादी कललेली आली की मी आधी सांगायचे. ते म्हणायचे, "बरं," आणि बाजूने जायचे. तिसऱ्या ओळीत अठरावीनंतर त्यांनी हात पुढे केला नाही. मोजून पावलं टाकत थेट विसावीशी गेले.

चौथ्या ओळीत अकरावीला हात लावून ते म्हणाले, "हिच्यावर माणूस चढवू नका. आतून पोकळ हाय."

मी खोड वाजवून पाहिलं. शेजारचं वाजवलं, पुन्हा हे वाजवलं. "तात्या, मला तर दोन्ही सारखीच वाटतात."

"खालून नाय कळत. वरून वाजवायला लागते."

"मी वर कशी जाणार?"

"म्हणून तर सांगतोय. लिवा."

मी लिहिलं. दुपारपर्यंत आगर संपलं, एकशेचाळीस पानी वही अर्धी भरली. ते पायरीवर बसले, तांब्यातलं पाणी प्याले. लेकीला डोळ्यांचं त्यांनी स्वतःच कळवलं आणि त्याच आठवड्यात ती येऊन त्यांना चिपळूणला घेऊन गेली. तिथे ते दीड वर्ष होते. मी अधूनमधून जायचे, सुपारी आणि शहाळी घेऊन. गेल्या पावसाळ्यात ते गेले, झोपेत.

आता शेजारच्या गावातले दोघे भाऊ सुपारी काढायला येतात. चांगले आहेत, सावध आहेत, प्रत्येक पोफळ चढून उतरतात. हंगामाच्या पहिल्या दिवशी मी वही उघडून त्यांना वाचून दाखवते. ते ऐकून घेतात. मुंग्यांचं खरं निघालं, भेगेचं खरं निघालं. चौथ्या ओळीतल्या अकरावीशी मात्र दर वर्षी थोडी कुरकुर होते. थोरला खोडावर बुक्की मारून म्हणतो, "काकू, टणक आहे हो. घड बघा कसले लागलेत. चढतो की." मी नको म्हणते.

सुताराचं गिरमिट घरात आहे. खोडाला एक भोक पाडलं तर पाच मिनिटांत निकाल लागेल. एरवी मी कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय सोडत नाही. त्या पोफळीची सुपारी झाडावरच पिकते, आपोआप खाली पडते, आणि मी ती वेचून आणते.